अनाहूत: जिवंत खडक आणि गृहस्थाचा धर्म

खाऱ्या पाण्याच्या टाकीत ठेवण्यासाठी जो 'जिवंत खडक' आणतात तो किलोवर विकला जातो, पण त्याची घडण डोंगरातल्या दगडाची नसते. प्रवाळांचे सांगाडे लाटांनी तुटून तळाशी पडतात, त्यांच्यावर गुलाबी-जांभळ्या चुनखडी शेवाळाचा थर चढतो आणि छिद्राछिद्रांतून वस्ती होते. त्याला जिवंत म्हणतात ते या वस्तीमुळे. ज्यांच्यासाठी पैसे मोजले जातात ते रहिवासी मात्र डोळ्यांना दिसत नाहीत. माशांच्या मलमूत्रातून सुटणाऱ्या अमोनियाचे आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करणारे जिवाणू खडकाच्या पृष्ठभागावर असतात. प्राणवायू पोचत नाही अशा आतल्या पोकळ्यांत राहणारे दुसरे जिवाणू त्या नायट्रेटचा नायट्रोजन वायू करून टाकतात. टाकीचे पाणी राहण्याजोगे ठेवण्याचे काम या दोघांचे. त्यांच्याबरोबर बाकी जे येतात ते सगळे विदाऊट तिकीट.

असे प्रवासी पुष्कळ असतात. स्पंज, नळीत राहून पिसाऱ्यासारखे तोंड उघडणारे किडे, ठिसूळ हातांचे तारामासे, चिमुकल्या गोगलगायी, खडकाला चिकटून राहणारी कवचधारी कायटन, तांदळाच्या कणीएवढे कोपेपॉड हे निरुपद्रवी, किंबहुना उपकारक. केसाळ अंगाचा 'ब्रिसल वर्म' उरलेसुरले खाऊन टाकी साफ ठेवतो, पण त्याचे काचेसारखे केस बोटात रुतले की आग होते. 'एप्टेशिया' हे तपकिरी, पारदर्शक समुद्रफूल शेजारच्या प्रवाळांना डंख मारते. केसाळ पायांचा काळपट खेकडा रात्री झोपलेल्या माशाला धरतो. मॅन्टिस कोळंबी शिंपले फोडते आणि तिच्या ठोक्यांचा टकटक आवाज दिवे मालवल्यावर खोलीत ऐकू येतो. यातला एखादा खडक आणल्याच्या दिवशीच बाहेर डोकावतो, तर एखादा वर्षाने. इंग्लंडमध्ये कॉर्नवॉलमधल्या न्यूकी इथल्या ब्लू रीफ मत्स्यालयात २००९ मध्ये प्रवाळे कोण कुरतडते आहे याचा शोध घेताना सगळे खडक उचलावे लागले, तेव्हा आत सुमारे चार फुटांचा किडा निघाला. तो लहानपणी खडकातून आला आणि कोणाच्या लक्षात न येता वाढला, असाच तर्क करण्यात आला.

या जिवांचे काय करायचे, हा शौकिनांमध्ये तंत्राचा प्रश्न समजला जातो. कोणाला चिमट्याने काढावे, कोणाला सापळा लावावा, कोणावर सुईने चुन्याची निवळी सोडावी, याचे तोडगे एकमेकांना सांगितले जातात. त्या तोडग्यांखाली एक जुना धर्मप्रश्न आहे: जो जीव बोलावलेला नाही, ज्याने स्वतःहून येण्याचे ठरवलेले नाही, आणि जो आता घरात आहे, त्याचे घरमालक काही देणे लागतो का?

उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर या पट्ट्यात हा प्रश्न विशेष टोकदार होतो, त्याचे पहिले कारण भूगोल. मुंबईच्या सीएसएमटीपासून बदलापूर लोहमार्गाने सुमारे ६८ किलोमीटर. इथले पाणी उल्हास नदीचे आणि बारवी धरणाचे. खाऱ्या टाकीसाठी ते आरओ यंत्रातून काढून दर लिटरला साधारण ३५ ग्रॅम तयार मीठ-मिश्रण घालून समुद्र बनवावा लागतो. म्हणजे तिसऱ्या-चौथ्या मजल्यावरच्या त्या काचेच्या पेटीबाहेर खडकातल्या जिवाला जगता येईल असे पाण्याचे एक घमेलेही नसते. दुसरे कारण असे की या प्रश्नाची जुनी उत्तरे इथे शेजारी-शेजारी नांदतात. वालधुनीच्या काठी अकराव्या शतकातले शिवमंदिर आहे, उल्हासनगरच्या छावण्यांत जलदेवतेला मानणारा सिंधी समाज आहे, आणि जैन देरासरे, बुद्धविहार, वारीला जाणाऱ्या दिंड्याही आहेत. एकाच इमारतीतल्या चार दारांआड चार वेगळी उत्तरे मिळावीत, अशी ही वस्ती आहे.

सर्वांत आधी 'हा आला कुठून' याचा निकाल लावावा लागतो, कारण जबाबदारी त्यावर अवलंबून आहे. ऐतरेय उपनिषदात जिवांच्या उत्पत्तीचे चार प्रकार आले आहेत आणि मराठी संतसाहित्याने ते चार खाणी म्हणून घरोघर पोचवले: जारज, अंडज, स्वेदज, उद्भिज. उवा, ढेकूण, चिलटे यांना आईबाप दिसत नाहीत. घाम, ऊब आणि ओल यांतून ती होतात, म्हणून ती स्वेदज. जैन तत्त्वार्थसूत्रातही गर्भज आणि उपपाद जन्मांबरोबर 'संमूर्च्छन' जन्म सांगितला आहे. त्यात आजूबाजूच्या द्रव्यांतून देह घडतो. युरोपातही अॅरिस्टॉटलपासून हाच समज होता. १६६८ मध्ये इटलीत फ्रान्चेस्को रेडी याने मांसावर जाळीदार कापड बांधून दाखवले की माशी बसली नाही तर अळ्या होत नाहीत. १८६० च्या सुमारास लुई पाश्चरने वाकड्या नळीच्या चंबूंनी सूक्ष्म जिवांच्या बाबतीतही तेच सिद्ध केले.

खडकाची टाकी स्वेदजवाद्याला भुरळ घालण्यासारखीच असते. सहा महिने स्वच्छ दिसणाऱ्या काचेवर एका सकाळी शेकडो ठिपके हलतात, आणि कोणी काहीच आणलेले नसते. प्रत्यक्षात कुठेतरी भेगेत एक अंडे, एक तुटका अवयव किंवा पोटात पिले बाळगणारी एक मादी असते. या जुन्या कल्पनेची चूक दाखवून विज्ञानाने एक नैतिक सोयही काढून घेतली, याची दखल फारशी घेतली जात नाही. जीव पाण्यातून आपोआप झाला असता तर त्याचा कर्ता निसर्ग ठरला असता. तो खडकातून आला असेल तर त्याला आणणारे हात माणसाचे असतात. जाणून आणले नाही एवढेच म्हणता येते. आणलेच नाही, असे म्हणता येत नाही.

इथे पहिली धाव साहजिकच अतिथीकडे जाते. ज्याच्या येण्याची तिथी ठरलेली नाही तो अतिथी, अशी व्युत्पत्ती परंपरेने दिली आहे, आणि अनाहूत येणे हे त्याचे वैगुण्य न मानता लक्षण मानले आहे. मराठी संतचरित्रांतले दोन प्रसंग सर्वांना ठाऊक आहेत. पोळी पळवणाऱ्या कुत्र्यामागे नामदेव तुपाची वाटी घेऊन धावले. रामेश्वरासाठी आणलेल्या कावडीतले गंगाजल एकनाथांनी तहानलेल्या गाढवाला पाजले. दोन्ही कथांतला जीव न बोलावता समोर आला आणि त्याचे स्वागत झाले. पण कुत्रा पोळी खाऊन निघून जातो, गाढव पाणी पिऊन उठते. अतिथीधर्मात पाहुण्याचे जाणे गृहीत असते. म्हणून तर यजमान त्याच्यासाठी घरातले सर्वोत्तम काढू शकतो. टाकीतला खेकडा जाणार कुठे? तो रोज रात्री जेवतो, आणि त्याचे जेवण म्हणजे घरातला दुसरा रहिवासी. तेव्हा अतिथीचा नियम इथे लागू होत नाही. 'अतिथी देव' म्हणत केसाळ खेकड्याला अभय देणारा यजमान खरे तर माशाच्या जिवावर उदार झालेला असतो.

धर्मशास्त्राला हा फरक माहीत होता. गृहस्थाच्या पंचमहायज्ञांत मनुष्ययज्ञ, म्हणजे अतिथीचा सत्कार, वेगळा आणि भूतयज्ञ वेगळा. भूतयज्ञात कुत्रे, कावळे, किडामुंगी यांच्यासाठी अन्नाचा वाटा जमिनीवर ठेवायचा असतो. त्यांना अन्न देणे लागते, आसन देणे लागत नाही. आणि हे पाच यज्ञ कशासाठी, याचे मनुस्मृतीने दिलेले कारण या विषयाला थेट भिडणारे आहे. गृहस्थाच्या घरात पाच 'सूना', म्हणजे वधस्थाने, असतात: चूल, जाते-पाटा, केरसुणी, उखळ आणि पाण्याचा घडा. यांच्या रोजच्या वापरात नकळत जीव मरतात, आणि त्या हिंसेचे परिमार्जन म्हणून रोजचे यज्ञ.

पाण्याचा घडा या यादीत असावा हे लक्षणीय आहे. दोन हजार वर्षांपूर्वीच्या गृहस्थालाही पाण्याच्या भांड्यात जीव येतात आणि तिथे मरतात याची जाणीव होती. काचेची टाकी हा त्याच घड्याचा वाढलेला अवतार. फरक एवढाच की त्या पाचांवाचून घर चालत नाही, म्हणून तिथली हिंसा अटळ मानून क्षम्य ठरवली आहे. टाकीवाचून घर उत्तम चालते. ही सहावी सूना हौसेने मांडलेली आहे, आणि अटळतेची सवलत तिला मागता येत नाही. जैन आचारशास्त्र हाच मुद्दा अधिक काटेकोरपणे मांडते. तिथे हिंसा चार प्रकारची: ठरवून केलेली ती संकल्पी, घरकामात होणारी ती आरंभी, उपजीविकेत होणारी ती उद्योगी, आणि हल्ल्याचा प्रतिकार करताना होणारी ती विरोधी. श्रावकाला, म्हणजे गृहस्थ जैनाला, पहिली पूर्ण वर्ज्य. बाकीच्या तिन्हींत मर्यादा पाळायची. सुईने एप्टेशियावर चुन्याची निवळी सोडणारा आपली कृती विरोधी हिंसेत बसवू पाहील: माझ्या प्रवाळाचे रक्षण चालले आहे, असे म्हणेल. पण हल्लेखोर आणि बळी या दोघांनाही एका पेटीत कोंडले कोणी, हे विचारल्यावर तो बचाव लंगडा पडतो.

या साऱ्याच्या तळाशी असलेली गोष्ट शतपथ ब्राह्मणात सापडते. मत्स्यावताराची ही सर्वांत जुनी कथा. सकाळी हात धुण्यासाठी आणलेल्या पाण्यातून एक लहानसा मासा मनूच्या हातात येतो. मनूने त्याला बोलावलेले नाही, मासाही ठरवून आलेला नाही, पाण्याबरोबर आला. तो म्हणतो, मला सांभाळ, मी तुला तारीन. कशापासून, या प्रश्नाला तो येणाऱ्या प्रलयाचे उत्तर देतो. पण कथेतला अधिक मोलाचा भाग त्यानंतरचा. सांभाळायचे कसे, असे मनू विचारतो आणि मासा त्याला बारकाईने समजावून देतो. आम्ही लहान असतो तोवर आम्हाला धोका फार, कारण मासाच माशाला गिळतो. म्हणून आधी घड्यात ठेव. घडा पुरेनासा झाला की खड्डा खणून त्यात ठेव. तोही पुरेनासा झाला की समुद्रात ने. तिथे मला मारणारे कोणी उरणार नाही. भागवतात हीच कथा कृतमाला नदीवर ओंजळीत पाणी घेणाऱ्या सत्यव्रत राजाची झाली आहे, आणि तिथे कमंडलू, रांजण, सरोवर, समुद्र अशी पात्रे वाढत जातात.

प्रलय, नौका, शिंगाला बांधलेला दोर या भव्य भागामुळे घड्याची गोष्ट झाकोळते. खरे तर कथेची नैतिक कळ तिथेच आहे. 'तुला बोलावले कोणी?' हा प्रश्न मनू विचारतच नाही. मासा ओंजळीत आहे एवढे त्याला पुरते. ओंजळीबाहेर मासा मरेल आणि ओंजळ मनूची आहे, म्हणून जबाबदारी मनूची. ती एकदा घेतली की वाढते, कारण मासा वाढतो आणि दर वेळी मोठे भांडे शोधावे लागते. आणि ती संपते ती मासा जिथला आहे तिथे पोचल्यावर. मनूला तो आपलासा झाला म्हणून संपत नाही. देणे लागते की नाही, हे आमंत्रणावरून ठरत नाही, कोंडण्यावरून ठरते. जिवाची परतीची वाट ज्याने बंद केली, नकळत का होईना, तो त्याचा पालक झाला.

या कथेत राजधर्माचीही एक खूण आहे. मोठ्याने लहानाला गिळण्याच्या रीतीला भारतीय राजनीतीत 'मत्स्यन्याय' म्हणतात, आणि तो रोखण्यासाठी राजा लागतो, हे दंडनीतीचे पहिले गृहीतक. टाकीत हे रूपक अक्षरशः खरे होते. इथला मालक पाऊस पाडतो, ऊन देतो, अन्न वाटतो आणि कोणाला शिक्षा करायची तेही ठरवतो. एक रूढ शिक्षा हद्दपारीची आहे: नको असलेला जीव मुख्य टाकीतून काढून खालच्या गाळणीच्या टाकीत, म्हणजे 'सम्प'मध्ये, सोडणे. मुंबई-ठाण्याच्या भाषेत तडीपारच. तत्त्वतः पाहता उपलब्ध उपायांत हाच सर्वांत मनूच्या जवळचा. जीव मरत नाही, शेजाऱ्यांना धोका राहत नाही, आणि भांडे बदलण्याची तोशीस मालक सोसतो. ब्रिसल वर्म तिथे सुखाने जगतात. मॅन्टिस कोळंबीसाठी तर वेगळी छोटी टाकी मांडणारे शौकीनही असतात, आणि त्यांपैकी काही पुढे त्या कोळंबीचेच भक्त होतात.

पण सगळेच हद्दपार होत नाहीत. एप्टेशिया ओरबाडून काढू गेले तर तळव्याचा राहिलेला कण नवे समुद्रफूल होतो. एकाची दहा होतात. देवीमाहात्म्यातला रक्तबीज ज्यांना ठाऊक आहे त्यांना हा अनुभव नवा वाटत नाही. तिथे उपाय चामुंडेचा होता: रक्त जमिनीवर पडण्याआधी पिऊन टाकणे. टाकीतही तेच करतात. एप्टेशियाशिवाय दुसरे काही न खाणारी 'बर्गिया' नावाची कवच नसलेली समुद्री गोगलगाय आणून सोडतात, किंवा लालसर पट्ट्यांची 'पेपरमिंट' कोळंबी. हा उपाय निसर्गाशी सुसंगत म्हणून नावाजला जातो, मालकाचे हात स्वच्छ राहतात. ज्ञानेश्वरांनी मात्र नेमक्या या स्वच्छतेवर बोट ठेवले आहे. ज्ञानेश्वरीच्या तेराव्या अध्यायात अहिंसेचे विवेचन करताना ते आधी एका जिवासाठी दुसरा जीव खर्ची घालणाऱ्या मार्गांची झडती घेतात. पाऊस पडावा म्हणून पशू मारणारा यज्ञ आणि रोगी वाचावा म्हणून झाडे सोलणारा, मुळे उपटणारा वैद्यकमार्ग, या दोघांनाही ते अहिंसा म्हणवून घेऊ देत नाहीत. एप्टेशिया संपल्यावर बर्गियाचे काय होते, हे त्या झडतीतून सुटणारे नाही. दुसरे अन्न तिला चालत नाही. शत्रू संपला की सैनिक उपाशी मरतो, किंवा दुसऱ्याच्या टाकीत पाठवला जातो. यात क्रौर्य आहे असे नाही, पण हात स्वच्छ राहिले असेही म्हणता येत नाही.

बौद्ध विनयाचा भर वेगळ्या जागी आहे. भिक्षूच्या आठ आवश्यक वस्तूंत पाणी गाळण्याचे साधन, 'परिस्सावन', येते, आणि पाण्यात जीव आहेत हे जाणूनही ते वापरणे हा दोष मानला आहे. इथे वजन 'जाणूनही' या शब्दाला आहे. कर्म म्हणजे चेतना, हेतू. नकळत झालेल्या मृत्यूचा भार वेगळा. या मापाने खडक आणणाऱ्याचा पहिला खडक निर्दोष. दुसऱ्या खडकापासून मात्र तो जाणता झाला: आत जीव असतात, खडक वाहतुकीत ओल्या कागदात गुंडाळून येताना त्यातले कित्येक मरतात, आणि नंतर पिंपात 'क्युअर' होताना, म्हणजे मेलेले कुजून निघून जाईपर्यंत, उरलेल्यांतले आणखी मरून पाण्याला कुजका वास येतो, हे त्याने पाहिलेले असते.

जैन परंपरेत पाणी गाळणे एवढ्यावर थांबत नाही, आणि या साऱ्या चर्चेतला सर्वांत नेमका नियम तिथे मिळतो. फडक्यातून पाणी गाळल्यावर फडक्यावर राहिलेले जीव झटकून टाकायचे नसतात. गाळलेल्या पाण्याने फडके हळुवार धुऊन ते पाणी, म्हणजे 'जिवाणी', ज्या जलाशयातून पाणी काढले त्यातच परत पोचवायचे असते. विहिरीचे असेल तर विहिरीत, आणि तेही उंचावरून न ओतता भांडे पाण्यापर्यंत खाली सोडून. एका पाण्याचा जीव दुसऱ्या पाण्यात जगत नाही, ही त्यामागची समज. मनूने माशाला समुद्रात नेले, त्याचेच हे दैनंदिन, घरगुती रूप. नकळत आणलेल्याची जबाबदारी परतपाठवणीने फेडायची.

उल्हासनगर-बदलापूरच्या पट्ट्यात जिवाणीचा नियम पाळू म्हटले तर तो अडतो. खडक इंडोनेशियाचा असेल, फिजीचा असेल, किंवा पाच हातांतून फिरलेला आणि मूळ पत्ता हरवलेला. त्यातल्या किड्याची विहीर कुठली? जवळचे पाणी उल्हास नदीचे. ती बदलापूरला गोड्या पाण्याची आहे, आणि तिथे सोडलेला प्रवाळखडकावरचा जीव फार तर काही मिनिटे टिकेल. वालधुनीचे नावच नको: अंबरनाथच्या मंदिराशेजारून वाहत उल्हासनगरातून कल्याणकडे जाणाऱ्या या नदीत कारखान्यांचे आणि शहरांचे सांडपाणी इतके मिसळते की तिथे गोड्या पाण्याचे जीवही जगणे अवघड. खाली खाडीत, जिथे पाणी खारे होते, तिथे उलटा धोका: जीव मरण्याऐवजी तगला तर? अमेरिकेच्या उष्ण किनाऱ्यांवरचा, काळ्या पट्ट्यांचा छोटा शिंपला 'मायटिलॉप्सिस' १९६७ मध्ये विशाखापट्टणमच्या बंदरात आढळला आणि पुढे मुंबई बंदरातही पसरला; जहाजांच्या तळाला चिकटून आलेला तो अनाहूतच. फुलांच्या मोहाने दक्षिण अमेरिकेतून आणलेली जलपर्णी उल्हास नदीवर गालिच्यासारखी पसरते, ती दर उन्हाळ्यात काढावी लागते. टाकीत न मावलेले मासे तलावात सोडून जीवदया केल्याचे समाधान मिळवणारे सर्वत्र आहेत, आणि दक्षिण अमेरिकेतला 'सकर' मासा उजनी धरणातल्या जाळ्यांत सापडतो. जिवाणीच्या नियमात 'परत' हा शब्द मुख्य आहे, हे इथे विसरले जाते. दुसऱ्याच्या विहिरीत सोडणे म्हणजे परत करणे नव्हे.

उल्हासनगरच्या सिंधी घरांत पाण्याकडे पाहण्याची आणखी एक रीत आहे. फाळणीनंतर कल्याणच्या लष्करी छावण्यांत आलेल्या निर्वासितांच्या वस्तीला ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते उल्हासनगर हे नाव मिळाले. सिंधू नदी मागे राहिली, नदीचा देव बरोबर आला. झुलेलाल हा वरुणाचा अवतार मानला जातो. चित्रांत तो पाण्यावर, पल्ला माशावर बसलेला असतो. चेटीचंडला, म्हणजे सिंधी नववर्षाला, आणि चाळीस दिवसांच्या चालिहो व्रताच्या शेवटी बहराणा साहेब, म्हणजे ज्योत लावलेले पूजेचे ताट, मिरवत नेऊन पाण्यात सोडतात. पल्ला हा समुद्रातून नदीत उलटा चढून येणारा मासा, खारे आणि गोडे दोन्ही पाणी त्याला चालते; देवाचे वाहन म्हणून त्याची निवड किती चपखल आहे हे सागरी टाकी सांभाळणाऱ्याला चटकन कळेल. आणि वैदिक वरुण हा नुसता पाण्याचा देव नाही. तो पाश बाळगतो आणि लपूनछपून केलेले पाहतो. मध्यरात्री लाल विजेरी घेऊन खेकड्याच्या मागावर बसलेल्याने हे ध्यानात ठेवायला हरकत नाही.

एका ठिकाणी मात्र स्वतःच्या बचावासाठी कोणत्याही परंपरेची मुभा मिळते. झोअँथिड नावाच्या, फुलांच्या गुच्छासारख्या दिसणाऱ्या काही जिवांत पॅलिटॉक्सिन हे अतितीव्र विष असते. मुंबईच्या खडकाळ किनाऱ्यावरही झोअँथिड आढळतात. जिवांपासून सुटका म्हणून खडक उकळला तर हे विष वाफेबरोबर श्वासात जाते, आणि असे करणारी कुटुंबे रुग्णालयात दाखल झाल्याचे प्रकार परदेशांत घडले आहेत. इथे विरोधी हिंसा म्हणता येईल असा खरा प्रसंग आहे. तरीही उपाय उकळण्याचा नाही; हातमोजे, चष्मा आणि खडक पाण्याबाहेर न घासणे हा आहे. मारण्याचा सर्वांत सोपा मार्ग मारणाऱ्यालाच सर्वांत घातक ठरावा, हा योग बोधकथेत शोभेल असा, पण कारण निव्वळ रसायनाचे आहे.

दगडात जीव असणे ही कल्पना मराठी देवघराला परकी नाही. पंचायतनातला शाळिग्राम गंडकी नदीतून येतो. त्यातले चक्र म्हणजे हिमालयाच्या जागी समुद्र होता तेव्हाच्या अॅमोनाइट या जिवाचा ठसा. परंपरेने तो ठसा वज्रकीट नावाच्या किड्याने कोरला असे सांगितले, म्हणजे दगडाच्या आत कोणीतरी राहत होते हे तिने ओळखले. अनेक घरांत शाळिग्रामाशेजारी द्वारकेहून आणलेला चक्रांक असतो. तो पांढरा, बारीक चक्रांनी भरलेला दगड म्हणजे प्रवाळाचा सांगाडा, जिवंत खडकाचाच मेलेला भाऊ. या दोन्ही शिळांना प्राणप्रतिष्ठा लागत नाही. देवत्व त्यांत स्वयंभू मानले आहे. अंबरनाथचे मंदिर याच्या दुसऱ्या टोकाला. शके ९८२, म्हणजे इसवी सन १०६० चा शिलालेख असलेले, शिलाहार राजा मुम्मुणीच्या काळातले हे भूमिज शैलीचे मंदिर सह्याद्रीच्या काळ्या दगडाचे आहे. तो दगड लाव्हा थिजून झाला. त्याच्या घडणीत एकाही जिवाचा वाटा नाही. तिथे प्राण आणला तो छिन्नीने. पायऱ्या उतरून खालच्या गाभाऱ्यात गेलेला भाविक त्या दगडात शिव पाहतो, आणि घरी येऊन चुनखडीच्या दगडातला किडा चिमट्याने उपटतो. यात दांभिकपणा शोधणे सोपे आहे, पण ते खरे नाही. परंपरेने दगडातल्या देवाशी कसे वागायचे ते सविस्तर सांगितले. दगडातल्या किड्याशी कसे वागायचे ते घडा, फडके आणि ओंजळ यांच्या संदर्भात, विखरून सांगितले. ते जुळवण्याचे काम राहून गेले.

कायद्याने या प्रश्नाला वेगळ्याच दिशेने हात घातला आहे. खडक बांधणारी सर्व प्रवाळे २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहेत, त्यामुळे भारतीय समुद्रातून, मग तो मालवणचा किनारा असो की अंदमान, असा खडक काढणे आणि विकणे गुन्हा आहे. मुंबईच्या सागरी किनारा मार्गाच्या कामात २०२० मध्ये हाजी अली आणि वरळी इथल्या प्रवाळवसाहती फोडून टाकण्याऐवजी हलवाव्या लागल्या, त्या याच संरक्षणामुळे. आंतरराष्ट्रीय व्यापारातही ही प्रवाळे साइट्स कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात येतात. कायदा प्रवाळाला ओळखतो. त्याच खडकातल्या ब्रिसल वर्मची त्याच्या लेखी नोंद नाही. तरी परिणाम असा की प्रवाळाच्या आडोशाने किडाही वाचतो. बाहेर काढलाच नाही तर परत पाठवण्याचा प्रश्न उरत नाही. मनू, जिवाणी आणि परिस्सावन या तिघांच्याही आधीची ही पायरी आहे.

म्हणून कायदा पाळणारा शौकीन आता सिमेंट, शिंपल्यांचा चुरा आणि जाड मीठ मिसळून खडक घरीच ओततो. मीठ विरघळले की छिद्रे पडतात. सिमेंटचा क्षार उतरेपर्यंत तो कित्येक आठवडे पिंपात गोड्या पाण्यात, पाणी बदलत, ठेवतात. मग खारे पाणी, मग बाटलीतले जिवाणू, मग एखादी गोगलगाय शेवाळ खाण्यासाठी. त्या गोगलगायीच्या शंखावर, नाहीतर काचेच्या कोपऱ्यात, दोनेक महिन्यांनी पांढरे ठिपके दिसू लागतात. भिंगातून पाहिले तर प्रत्येक ठिपका मिलिमीटर-दोन मिलिमीटरची चुनखडी वेटोळी नळी असते, आणि तिच्या तोंडाशी पिसाऱ्यासारखे काही उघडून झटकन आत जाते. तो स्पायरॉर्बिस जातीचा किडा. चिमट्यात तो धरता येत नाही, आणि कोणाला त्याचा त्रासही होत नाही.